मागे राहिलेली इयत्ता

महामारीत शाळा बंद पडली की मुलांच्या शिकण्याचे नुकसान आधी दोन वाटांनी होते. पहिली वाट सहज दिसते: जे शिकवायचे होते ते शिकवलेच जात नाही. दुसरी दिसत नाही. जे शिकून झाले होते, ते सराव सुटल्यामुळे पुसट होत जाते. मार्चमध्ये अडखळत का होईना परिच्छेद वाचणारा मुलगा पुढच्या दिवाळीत जोडाक्षरापाशी थांबतो, आणि सहा महिन्यांनी काना-मात्रांतही गोंधळतो. शिक्षणखात्याच्या भाषेत याला अध्ययन ऱ्हास म्हणतात. शिक्षक मात्र बोलताना सरळ ‘लर्निंग लॉस’ म्हणतात. तिसरे नुकसान शाळा उघडल्यानंतर सुरू होते. त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. वर्ग नव्या इयत्तेच्या पुस्तकाने पुढे चालू लागतो आणि मूल जिथे थांबले होते तिथेच राहते. पहिली दोन नुकसाने शाळेची घंटा वाजली की थांबतात, तिसरे मात्र घंटा वाजल्यापासून दर महिन्याला वाढू शकते.

२०२० च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या १९० हून अधिक देशांत मिळून सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी बसले होते. इतक्या मुलांची शाळा एकाच वेळी सुटल्याचे उदाहरण इतिहासात नाही. पण सगळीकडे शाळा सारख्याच काळ बंद राहिल्या नाहीत. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. युगांडाने सर्वांत जास्त काळ बंद ठेवल्या. तिथे त्या पूर्णपणे उघडायला जानेवारी २०२२ उजाडला. पूर्ण आणि अंशतः बंद असे दोन्ही काळ धरले तर भारतातला अवधी युनेस्कोच्या मोजणीत ८२ आठवडे भरतो. युगांडापेक्षा जेमतेम एका आठवड्याने कमी.

महाराष्ट्रात मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. भूगोलाचा शेवटचा पेपर २३ मार्चला व्हायचा होता. तो आधी लांबला, मग रद्द झाला, आणि त्या विषयाला सरासरी गुण दिले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग काही भागांत सुरू झाले. तेवढ्यात दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप लागले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरू लागले. पहिली ते चौथीच्या ग्रामीण मुलांना १ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. मुंबई-पुण्यात आणखी दोन आठवडे. जानेवारीत ओमायक्रॉनच्या लाटेमुळे पुन्हा बंद आणि महिनाअखेरीस पुन्हा सुरू.

या तारखा एका मुलीच्या वाट्याला कशा आल्या हे पाहिले की त्यांचा अर्थ कळतो. जून २०२० मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीत नाव लागलेली सहा वर्षांची मुलगी घ्या. तिचे पहिलीचे अख्खे वर्ष घरीच गेले. दुसरीचे अर्धे वर्षही घरीच गेले. वर्गात ती पहिल्यांदा बसली ती दुसरीच्या मधोमध, आणि जून २०२२ मध्ये ती तिसरीत गेली. तिसरीचे पुस्तक मुलाला वाचता येते असे धरूनच लिहिलेले असते. वाचायला शिकण्याची दोन वर्षे तिच्या वाट्याला जेमतेम पाच महिन्यांची आली होती, तीही मध्ये खंड पडून.

पहिली-दुसरीची वर्षे इतकी मोलाची का, हे मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही, कारण आपण वाचायला कसे शिकलो हे कोणालाच आठवत नाही. मराठी लिपी उच्चाराशी इमानी आहे. एकदा खूण पटली की इंग्रजीसारखे स्पेलिंग घोकावे लागत नाही. पण ती खूण पटायला मूळ अक्षरे, बाराखडी, मग अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे असा लांबचा पल्ला आहे. ‘कमळ’ वाचणारे मूल ‘किल्ला’पाशी अडते. तिथे बाईंनी शेजारी बसून, बोट ठेवून, पाच वेळा वाचून घ्यावे लागते. पाटीवर उलटा काढलेला ‘६’ बघून कोणीतरी हात धरावा लागतो. हे काम व्याख्यानाने होत नाही आणि व्हिडिओनेही होत नाही. दहावीचा विद्यार्थी पडद्यावरचा धडा पाहून थोडे तरी उचलतो. पहिलीच्या मुलाला पडदा म्हणजे फक्त चित्र. म्हणूनच जवळजवळ सगळ्या देशांत लहान वयाच्या आणि गरीब घरच्या मुलांवर घाव खोल बसला.

शिक्षण चालू ठेवण्याची धडपड झाली नाही असे मात्र नाही. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या अभ्यासक्रमावर ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. दीक्षा ॲपवर धडे आले, व्हॉट्सॲपवर दर आठवड्याला ‘स्वाध्याय’ पाठवले गेले, अभ्यासक्रम पंचवीस टक्क्यांनी कमी केला गेला. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर, जिथे मोबाइलची रेंजच नाही, ध्वनिवर्धकावरून धडे ऐकवले गेले. सोलापूरच्या नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाढे, सूत्रे आणि व्याकरण रंगवले. येता-जाता मुले वाचत, अंतर राखून भिंतीसमोर बसत. अनेक गावांत गुरुजी देवळाच्या पारावर पाच-पाच मुलांना शिकवत. हे सगळे करणारे शिक्षक त्याच काळात तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर आणि घरोघरच्या आरोग्य पाहणीत जुंपलेले होते, याची नोंद व्हायला हवी.

तरीही बहुतांश मुलांपर्यंत शाळा पोहोचली नाही. ‘असर’ हा ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिकण्याची घरोघर जाऊन पाहणी करणारा अहवाल ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून काढते. त्याच्या आकड्यांनुसार स्मार्टफोन असलेल्या घरांतून येणाऱ्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते २०२१ पर्यंत ६७.६ टक्क्यांवर गेले. तीन वर्षांत जवळजवळ दुप्पट. कर्ज काढून, दागिना मोडून फोन घेणाऱ्या आईबापांची ही आकडेवारी आहे. पण घरात फोन आला म्हणजे तो मुलाच्या हाती आला असे नव्हते. तो वडिलांसोबत कामावर जात असे, संध्याकाळी परतल्यावर थोरल्या भावाचा तास आधी. फोन असलेल्या घरांतल्याही चारपैकी एका मुलाला तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता. आणि त्यात रिचार्ज संपलेला असला तर प्रश्नच मिटला.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. त्यात ग्रामीण मुलांपैकी केवळ ८ टक्के आणि शहरी मुलांपैकी २४ टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती. ३७ टक्के ग्रामीण मुले त्या काळात काहीच अभ्यास करत नव्हती. मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमधून दिसणारी ऑनलाइन शाळा, कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेले मूल, हे चित्र देशातल्या अगदी लहान तुकड्याचे होते. वर्तमानपत्रांत मात्र तेच जास्त छापून आले.

घरी बसून प्रत्यक्षात किती शिकणे होते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा नेदरलँड्समधून आला. तिथे प्राथमिक शाळांमध्ये वर्षातून दोनदा राष्ट्रीय चाचण्या होतात, आणि २०२० साली त्यातली एक शाळा बंद होण्याच्या जरा आधी आणि दुसरी उघडल्यावर लगेच झाली. शाळा फक्त आठ आठवडे बंद होत्या. इंटरनेट घरोघर होते, संगणक होते, शाळांना पैसा होता. तरी मुलांचा तोटा शालेय वर्षाच्या सुमारे एक पंचमांश इतका भरला, म्हणजे जवळजवळ शाळा बंद होती तेवढाच. कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचा तोटा इतरांपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत जास्त होता. जगातल्या उत्तम सोयींच्या देशात घरी बसलेली मुले जागची हलली नाहीत, तर रेंज शोधत झाडावर चढणाऱ्या मुलांकडून काय अपेक्षा करायची? स्वीडनचा पुरावा याच्या दुसऱ्या बाजूने बोलतो. तिथे शाळा चालू राहिल्या आणि पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचनात घसरण आढळली नाही. म्हणजे भीती, आजारपण, बदललेले घर या सगळ्यांचा वाटा असला तरी वाचनाच्या बाबतीत मुख्य कारण बंद वर्ग हेच.

भारतात पहिले मोठे मोजमाप अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी २०२१ मध्ये केले. पाच राज्यांतल्या १,१३७ सरकारी शाळांमधली दुसरी ते सहावीची १६,०६७ मुले तपासली गेली. मार्च २०२० मध्ये प्रत्येक मुलाला काय येत होते हे त्याच्या शिक्षकांकडून समजून घेतले आणि आता काय येते ते पाहिले. भाषेतले आधी येणारे किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलांनी गमावले होते. गणितातले किमान एक ८२ टक्के मुलांनी. कौशल्य म्हणजे काही अवघड नव्हे: चित्र पाहून चार वाक्ये सांगणे, ओळखीचा शब्द वाचणे, एक-दोन अंकी बेरीज. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात ३४ लाख विद्यार्थ्यांची चाचणी झाली. ५०० च्या पट्टीवर पाचवीच्या गणिताची सरासरी २०१७ साली ३१० होती, ती २८४ वर आली. ३८ टक्के विद्यार्थ्यांनी घरून शिकताना अडचण आल्याचे सांगितले.

पण सामान्य वाचकाला सर्वांत सोपी पट्टी ‘असर’ची. घरी आलेला स्वयंसेवक मुलासमोर एक कागद धरतो. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. गणितात अंक ओळखणे, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे. तिसरीच्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येते का, एवढाच प्रश्न. २०१८ साली ग्रामीण भारतातल्या २७.३ टक्के तिसरीच्या मुलांना ती येत होती. २०२२ साली २०.५ टक्क्यांना. पाचवीत हेच प्रमाण ५०.५ वरून ४२.८ वर घसरले. महाराष्ट्र या पाहणीत बरीच वर्षे पुढच्या राज्यांत असे. इथली तिसरीची घसरण देशाच्या सरासरीहून मोठी निघाली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव लागलेली ती मुलगी २०२२ च्या पाहणीत नेमकी तिसरीत होती. आकडा तिच्याच वर्गाचा आहे.

इथे एक गोष्ट विचार करायला लावते. जगभर गणिताचा तोटा वाचनापेक्षा मोठा दिसला. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ चाचणीत २०१८ ते २०२२ दरम्यान विकसित देशांची सरासरी गणितात १५ गुणांनी आणि वाचनात १० गुणांनी उतरली (भारत त्या फेरीत नव्हता). कारण सरळ सांगितले जाते: घरात पुस्तके असतात, आई गोष्ट वाचून दाखवते, अपूर्णांक मात्र शाळेतच भेटतात. ग्रामीण भारतात ‘असर’च्या पाहणीत उलट दिसले. तिसरीत हातच्याची वजाबाकी करणारी मुले २८.२ टक्क्यांवरून २५.९ टक्क्यांवर आली, म्हणजे वाचनापेक्षा बरीच कमी घसरण. किराणा दुकानातून सुटे पैसे मोजून आणणारे, बाजारात आईच्या शेजारी बसणारे मूल आकड्यांशी रोज संबंध ठेवून असते, हे त्यामागे असू शकते. छापील मराठी मजकूर मात्र पाठ्यपुस्तक सोडले तर कित्येक घरांत येतच नाही. ज्या घरांत गोंडी, कोरकू, भिली किंवा पावरी बोलली जाते, तिथे शाळा बंद म्हणजे प्रमाण मराठी कानावर पडणेही बंद.

शाळेबरोबर आणखीही काही बंद झाले. दुपारची खिचडी गेली. तिच्या जागी कोरडा शिधा वाटला गेला, पण घरी आलेले तांदूळ-डाळ सगळ्या घराचे असतात. बीड-उस्मानाबादकडच्या ऊसतोड कामगारांची मुले गावच्या हंगामी वसतिगृहात राहून शाळा करायची. ती आईबापांबरोबर फडावर गेली. मोठ्या मुली घरकामात आणि धाकट्या भावंडांच्या सांभाळात अडकल्या, काहींची लग्ने उरकली गेली. पंधरा-सोळा वर्षांची मुले कामाला लागली आणि हाती पैसा आल्यावर परत वर्गात बसणे त्यांना जड गेले. हे सगळे गुणपत्रिकेत उतरत नाही.

गुणपत्रिकेत तर नेमके उलटेच उतरले. दहावीचा राज्याचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्के होता, २०२० साली ९५.३० आणि २०२१ साली ९९.९५. यातली पहिली उडी महामारीची नाही: २०१९ ला भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, ते पुढच्या वर्षी परत आले. दुसरी उडी मात्र पूर्णपणे महामारीची. २०२१ ला परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे ३० आणि गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे शंभर भरवले गेले. ९५७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के गुण मिळाले. बारावीचा निकालही दहावी, अकरावी आणि बारावी यांना ३०, ३० आणि ४० असे वजन देऊन लावला, तो ९९.६३ टक्के लागला.

परीक्षा न घेण्याचा निर्णय त्या वेळी चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी रांगा लागल्या असताना लाखो मुलांना केंद्रांवर बोलावणे धोक्याचे होते. पण त्यातून एक विचित्र अवस्था तयार झाली: सर्वांत कमी शिकवले गेलेल्या वर्षी सर्वांत जास्त मुले उत्तीर्ण झाली. अकरावीच्या प्रवेशासाठी कोणाचे गुण खरे मानायचे, हा प्रश्न उभा राहिला. राज्याने २१ ऑगस्ट २०२१ ला सामाईक प्रवेश परीक्षा ठेवली, ती मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. २०२२ ला परीक्षा पुन्हा सुरू झाल्या त्या पाऊणच अभ्यासक्रमावर, शक्यतो आपल्याच शाळेत आणि मोठ्या पेपरना अर्धा तास जादा देऊन. जादा वेळाचे कारण साधे होते: दोन वर्षांत मुलांच्या हातांची लिहिण्याची सवय गेली होती. ओळीत अक्षर बसत नव्हते, तीन तास पेन धरून बसणे होत नव्हते. निकाल ९६.९४ टक्के लागला. २०२३ ला पूर्ण अभ्यासक्रम परत आला आणि निकाल ९३.८३ वर उतरला. त्या चार-पाच वर्षांच्या गुणपत्रिका एकमेकींशेजारी ठेवून विद्यार्थ्यांची तुलना करणे अन्यायाचे आहे. नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी ती आजही केली जाते.

एक भीती मात्र खरी ठरली नाही. लाखो मुले कायमची शाळा सोडतील असे सगळ्यांनाच वाटत होते. ‘असर’नुसार ग्रामीण भारतातल्या सहा ते चौदा वयोगटातल्या मुलांची शाळेत नावे असण्याचे प्रमाण २०१८ च्या ९७.२ टक्क्यांवरून २०२२ ला उलट ९८.४ टक्क्यांवर गेले. अकरा ते चौदा वयाच्या शाळाबाह्य मुलींचे प्रमाणही घटले. सरकारी शाळांचा पट ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर वाढला, कारण फी भरणे परवडेनासे झाल्यावर पालकांनी मुलांना गल्लीतल्या इंग्रजी शाळेतून काढून जिल्हा परिषदेच्या शाळेत घातले, आणि बऱ्याच छोट्या खासगी शाळा तर बंदच पडल्या. २०२४ पर्यंत हे प्रमाण पुन्हा ६६.८ वर आले. मुले शाळेत टिकली, ही फार मोठी गोष्ट आहे. ती हाताशी होती म्हणूनच पुढचे काही करता आले.

आता ते तिसरे, शाळा उघडल्यानंतरचे नुकसान. त्याबद्दल सर्वांत जास्त शिकवून जाणारा पुरावा महामारीचा नाही, भूकंपाचा आहे. ८ ऑक्टोबर २००५ ला पाकव्याप्त काश्मीर आणि लगतच्या भागात मोठा भूकंप झाला. शाळा सरासरी चौदा आठवडे बंद राहिल्या. चार वर्षांनी संशोधक तिथे गेले तेव्हा मदतीच्या पैशातून घरे पुन्हा उभी राहिली होती, मोठ्यांचे संसार मार्गी लागले होते, मुलांची नावे शाळेत परत लागली होती. पण भूभ्रंशाजवळच्या गावांतली मुले दूरच्या गावांतल्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्ष मागे होती. चौदा आठवडे चुकले आणि दीड वर्ष गेले. शाळा उघडल्यावर शिक्षकांनी नव्या इयत्तेचे पुस्तक उघडले, मुले आधीच्या पानावर होती, आणि दर वर्षी अंतर वाढत गेले. ज्यांच्या आयांनी निदान प्राथमिक शिक्षण पूर्ण केले होते, त्या मुलांमध्ये हा तोटा आढळलाच नाही.

भारतात ही शक्यता अधिकच होती. इथे मूल वयानुसार इयत्तेत बसे आणि बहुतेक ठिकाणी दर वर्षी वर चढे. शिक्षणहक्क कायद्याची त्यामागची भूमिका योग्य होती. नापासाचा शिक्का मुलाला शाळेबाहेर ढकलतो, शिकवत नाही. पण वर्गोन्नतीबरोबर राहिलेले भरून काढण्याची सोय नसेल तर तिसरीच्या बाकावर पहिलीचे मूल बसते. एकाच वर्गात अक्षर न ओळखणारे, शब्दावर अडणारे आणि सफाईने गोष्ट वाचणारे अशी तीन-चार पातळ्यांची मुले महामारीच्या आधीही होती. महामारीने ती दरी रुंद केली. शिक्षकांना वरून विचारले जाते ते ‘पोर्शन’ संपला का एवढेच.

महाराष्ट्रात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यास आखला; पुढच्या वर्षी तीस दिवसांचा. मागच्या इयत्तेतले राहिलेले महत्त्वाचे भाग आधी उजळायचे, मग नव्या पुस्तकाला हात घालायचा, ही कल्पना बरोबर होती. पहिला सेतू मात्र बहुतेक ठिकाणी वर्ग बंद असतानाच पार पडला, आणि ज्या मुलांना फोन नव्हता त्यांच्यापर्यंत तोही पोहोचला नाही. शिवाय सेतू एका इयत्तेचा पूल बांधतो. दोन-तीन इयत्ता मागे पडलेल्या मुलाला तो आखूड पडतो. त्याहून गावागावांत जास्त रुजला तो २०२२ चा ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा उपक्रम. त्यात मातापालकांचे गट केले गेले. एका वाडीतल्या चार-पाच आया एकत्र बसून भाजी निवडता निवडता मुलांकडून मोजून घेणे, रंग-आकार ओळखून घेणे, गोष्ट सांगून घेणे असे करू लागल्या. काश्मीरच्या भूकंपात आईच्या शिक्षणाने मुलाला तारले होते. इथे कमी शिकलेल्या आईलाही तेच बळ देण्याचा प्रयत्न होता.

भरपाई किती होऊ शकते याचे उत्तर तमिळनाडूने दिले. ग्रामीण तमिळनाडूत संशोधकांच्या हाती योगायोगाने महामारीच्या आधीची चाचणी होती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी सुमारे १९ हजार मुलांना पुन्हा तपासले तेव्हा तोटा प्रचंड होता, आणि तिथे मात्र गणितात भाषेच्या दुपटीहून जास्त. सहा महिन्यांत त्यातला दोन तृतीयांश भरून निघाला होता. बरेचसे काम नुसत्या शाळा भरण्यानेच केले. विसरलेले परत येणे हे नव्याने शिकण्यापेक्षा लवकर होते. पण भरपाईचा सुमारे एक चतुर्थांश ‘इल्लम तेडी कल्वी’, म्हणजे ‘दारी आलेले शिक्षण’, या योजनेमुळे झाला. गावातल्याच बारावी किंवा पदवी झालेल्या मुली-बायका संध्याकाळी तास-दीड तास ओसरीवर, समाजमंदिरात मुलांना बसवून शिकवत. महिना एक हजार रुपये मानधन. जवळजवळ दोन लाख स्वयंसेवक उभे राहिले. वर्गात शिक्षिका नव्या पुस्तकाचे काम करत होती आणि मागचे काम संध्याकाळी होत होते. दोन्ही ओझी एकाच माणसावर नव्हती.

या यशामागचे तत्त्व जुने आहे. मुलांना इयत्तेनुसार न बसवता ती जिथे आहेत त्या पातळीनुसार गट करायचे. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, गोष्टवाले एकीकडे. आणि रोज ठरावीक वेळ पुस्तक बाजूला ठेवून तिथून पुढे न्यायचे. ‘प्रथम’ने महामारीच्या कितीतरी आधीपासून हे करून पाहिले आहे आणि अनेक राज्यांत त्याचा परिणाम तपासला गेला आहे. शाळा बंद असतानाही याच तत्त्वाने काम साधले ते बोट्सवानात. तिथे शिक्षक आठवड्यातून एकदा पालकाच्या साध्या फोनवर पंधरा-वीस मिनिटे बोलत, आधी गणिते संदेशाने पाठवत आणि मुलाला जमते ते पाहून पुढचे देत. मुले खरोखर पुढे गेली. नुसते संदेश पाठवले त्या घरांत मात्र फरक पडला नाही. स्मार्टफोन नसल्याने सगळे अडले असे आपल्याकडे सर्रास म्हटले गेले. साध्या फोनवरचा माणसाचा आवाज त्या मानाने कमी वापरला गेला.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित यावे, आणि हे २०२६-२७ पर्यंत साधावे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान हे शब्द त्यानंतर प्रत्येक केंद्रप्रमुखाच्या तोंडी आले. २०२४ च्या ‘असर’ पाहणीत त्याचा परिणाम दिसतो. दुसरीची गोष्ट वाचणारी तिसरीची मुले २०.५ वरून २७.१ टक्क्यांवर आली, म्हणजे जवळजवळ २०१८ इतकी. सरकारी शाळांत तर प्रमाण २३.४ झाले, जे २०१८ च्या २०.९ हूनही जास्त आहे. हातच्याची वजाबाकी करणारी तिसरीची मुले ३३.७ टक्के झाली. ‘महामारीचा तोटा भरून निघाला’ असे मथळे त्या वेळी छापून आले.

मथळा वाचताना एक हिशेब करायला हवा. २०२४ साली तिसरीत असलेली मुले २०२२ साली पहिलीत आली. त्यांची शाळा एक दिवसही बंद नव्हती. महामारीत सापडलेली मुले तोवर पुढच्या वर्गांत गेली होती. २०२० च्या जूनमधली ती मुलगी आता पाचवीत होती. म्हणून तिच्या वर्गाचे काय झाले हे पाचवीच्या रकान्यात शोधायचे. तिथे दुसरीची गोष्ट वाचणारी ४८.८ टक्के मुले आहेत. २०२२ च्या पाचवीपेक्षा सहा टक्क्यांनी जास्त, २०१८ च्या पाचवीपेक्षा थोडी कमी. पाच महिन्यांत उरकलेल्या पहिली-दुसरीनंतर तिच्या वर्गाने इथवर मजल मारली, यात तिच्या शिक्षकांचे आणि घरच्यांचे कष्ट आहेत. आठवीत २०२४ साली जी मुले होती ती टाळेबंदीच्या वर्षी चौथीत होती. त्यांच्यातली सुमारे ७१ टक्के दुसरीची गोष्ट वाचू शकतात. २०१८ च्या आठवीत हे प्रमाण सुमारे ७३ होते. पायाभूत शिक्षणाच्या अभियानांचा मुख्य भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे, आणि ही मुले त्या रेषेच्या पलीकडे गेलेली आहेत. आठवीत बसून दुसरीची गोष्ट वाचता न येणाऱ्या उरलेल्या मुलांसाठी, म्हणजे चारातल्या एकाहून अधिकांसाठी, वेळापत्रकात तास राखून ठेवलेला नाही. टाळेबंदीच्या जूनमध्ये पहिलीत नाव लागलेला वर्ग दहावीच्या परीक्षेला २०३० साली बसणार आहे.